टोला लांब कसा जाईल?

कोणताही खेळ घ्या, त्यात 'दूर' या शब्दाची मोहिनी काही निराळीच असते. विटीदांडू खेळणारा मुलगा विटी उडविल्याबरोबर दांडूने जमीन मोजीत सुटतो. क्रिकेटचा प्रेक्षक धावून काढलेल्या तीन धावांपेक्षा सीमेपार गेलेल्या टोल्यास अधिक टाळ्या देतो. मग ज्या खेळात पहिलाच टोला दोनशे यार्ड जावा अशी अपेक्षा असते, त्या गोल्फच्या खेळाडूस रात्रंदिवस याच गोष्टीचा ध्यास लागला तर त्यात नवल ते काय?

गोल्फ म्हणजे साहेबी खेळ, त्याच्याशी आपणांस काय कर्तव्य, असे आमचे काही वाचक म्हणतील हे आम्ही जाणून आहोत. हा खेळ इंग्रजांबरोबर आला हे खरे. कलकत्त्यास १८२९ साली व मुंबईस १८४२ साली गोल्फचे क्लब निघाले. चेंबूरचा बाँबे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ सालचा. पुष्कळ वर्षे हा खेळ क्लबाच्या फाटकाआतच राहिला. परंतु पनवेल तालुक्यात निराळीच गोष्ट घडली. १९७० साली स्थापन झालेल्या सिडको या सरकारी महामंडळाने खारघर येथे, पांडवकड्याच्या धबधब्याच्या परिसरात, डोंगराच्या पायथ्याशी गोल्फचे मैदान स्वतः उभारले. प्रथम ते अकरा होलचे होते. पुढे ते अठरा होलचे करण्याचे काम महामंडळाने हाती घेतले. २०१६ साली पनवेल महानगरपालिका झाली तेव्हा खारघरही तिच्या हद्दीत आले. ज्या गावाची ओळख भाताची शेते, खाडी आणि कोकणात उतरणारा रस्ता अशी होती, त्या गावच्या मध्यमवर्गातील मनुष्यही आता कधीमधी हातात गोल्फची काठी धरतो. त्याच्यासाठीच हा लेख आहे.

ज्यांस हा खेळ अपरिचित आहे त्यांच्यासाठी एवढेच सांगतो, की प्रत्येक होलच्या आरंभी 'टी' नावाच्या लहानशा खुंटीवर चेंडू ठेवतात आणि बहुधा सर्वांत लांब काठीने तो दूर मारतात. या टोल्यास 'ड्राइव्ह' व त्या काठीस 'ड्रायव्हर' म्हणतात. होल चारशे यार्डांचा असला आणि पहिला टोला दोनशे वीस यार्ड गेला, तर पुढे एकशे ऐंशी उरतात. तोच एकशे सत्तर गेला, तर दोनशे तीस उरतात व दुसऱ्या टोल्यात ग्रीन गाठणे सामान्य खेळाडूच्या आवाक्याबाहेर जाते. लांबीचा हव्यास केवळ हौसेपोटी नसतो, तो असा हिशेबातूनही येतो.

या हव्यासाची दुसरी बाजू मात्र काळजीची आहे. लांबीची चिंता विशेषेकरून पन्नाशी ओलांडलेल्यांस लागते. दरवर्षी आपला चेंडू चार पावले अलीकडेच पडू लागला आहे हे त्यांच्या ध्यानात येते, आणि ते म्हातारपणाचे पहिले पत्र आहे असे समजून ते त्या काठीवर सगळा राग काढू लागतात. परिणामी चेंडू लांब जात नाही तो नाहीच, उलट कंबर धरते आणि पंधरा दिवस खाटेवर काढावे लागतात. हौशी गोल्फ खेळाडूंच्या दुखापतींत कंबरेचा क्रमांक अगदी वर लागतो. म्हणून टोला लांब कसा जाईल, याबरोबरच शरीर न मोडता तो किती लांब जाईल, हेही पाहिले पाहिजे.

बळ नव्हे, वेग

गोल्फचा चेंडू नियमाप्रमाणे ४५.९३ ग्रॅमपेक्षा जड असता कामा नये. काठीचे डोके आणि हा चेंडू यांची गाठ पडते ती सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरती. एवढ्या अवधीत खेळाडूने दंडाचा कितीही जोर लावला तरी तो चेंडूपर्यंत पोहोचणार कसा? पोहोचतो तो फक्त काठीच्या डोक्याने आधीच मिळविलेला वेग. ही एक गोष्ट पक्की समजली की अर्धे काम झाले.

सामान्य हौशी पुरुष खेळाडूच्या ड्रायव्हरचे डोके ताशी नव्वद ते पंच्याण्णव मैल वेगाने फिरते. अमेरिकेतील अव्वल व्यावसायिक खेळाडूंच्या बाबतीत हाच आकडा एकशेपंधराच्या आसपास असतो. टोला उत्तम बसला तर चेंडूचा वेग डोक्याच्या वेगाच्या जवळजवळ दीडपट होतो. त्याहून अधिक मिळू नये असेच नियम काठीच्या बनावटीस घातलेले आहेत. ढोबळ हिशेब असा, की डोक्याचा वेग ताशी एका मैलाने वाढला तर चेंडू अडीच ते तीन यार्ड अधिक जातो. म्हणजे वीस यार्ड मिळवावयाचे तर सातआठ मैलांचा वेग वाढवावा लागेल. ही मजल वर्षभराच्या अभ्यासाने गाठता येण्याजोगी आहे, एका रविवारी दात-ओठ खाऊन नव्हे.

परंतु वेग वाढविण्याच्याही आधी, जो वेग आपणाजवळ आहे त्याची उधळपट्टी थांबविता येते. पहिली कमाई तेथेच आहे.

मधोमध बसलेला टोला

चेंडू काठीच्या तोंडावर नेमका कोठे लागतो हे बहुतेक खेळाडूंस ठाऊक नसते. मध्यापासून अर्धा-पाऊण इंच बाजूला लागला तरी डोके हातात पिळवटते आणि वेगाचा मोठा हिस्सा वाया जातो. चेंडू वाकडा जातो तो निराळाच. एखादा गृहस्थ नव्वद मैलांच्या वेगाने पण कडेवर चेंडू मारतो; त्याच्या शेजारची बाई ऐंशीच मैलांनी पण मधोमध मारते. दोघांचे चेंडू एकाच ठिकाणी पडलेले दिसले तर आश्चर्य मानू नये.

याची परीक्षा घरच्या घरी करता येते. काठीच्या तोंडावर टाल्कम पावडरीचा पातळ थर द्यावा आणि सरावाच्या जागी दहा चेंडू मारावेत. प्रत्येक टोल्याची खूण त्या पांढऱ्या थरावर उमटते. (हा प्रयोग सरावातच करावा, स्पर्धेच्या फेरीत काठीच्या तोंडास काही फासणे नियमबाह्य आहे.) दहांपैकी सात खुणा मध्याभोवती रुपयाएवढ्या वर्तुळात आल्या तर उत्तम. नच आल्या, तर त्या दिवशी ताकद वाढविण्याचा विचार सोडून द्यावा. काठी बोटभर खाली धरावी आणि तीनचतुर्थांश जोराने मारावे. आखूड धरलेल्या काठीने चेंडू अधिक लांब गेल्याचा अनुभव पुष्कळांस येतो, त्याचे कारण हेच.

मूठ कशी असावी, हाही प्रश्न येथेच येतो. धुतलेल्या धोतराचा पीळ काढताना आपण जशी आवळतो तशी ती नसावी. गर्दीत लहान मुलाचे बोट धरताना जशी असते, म्हणजे सुटणार नाही पण दुखणारही नाही, तशी असावी. मूठ आवळली की मनगट ताठते, मनगट ताठले की कोपर व खांदाही ताठतो, आणि ताठलेले अंग वेगाने फिरत नाही.

गोफणीचा न्याय

शेतात माळ्यावर उभा राहून पाखरे हाकणारा राखणदार गोफण कशी फिरवितो हे ज्यांनी पाहिले असेल, त्यांस लांब टोल्याचे मर्म सांगावयास नको. त्याचे पाय जमिनीत रोवलेले असतात, कंबर वळते, खांदा तिच्यामागून येतो, हात त्याच्याही मागून, आणि दगड सर्वांत शेवटी व सर्वांत वेगाने सुटतो. दगडाचा वेग राखणदाराच्या दंडात कोठेच नव्हता. तो एकामागून एक येणाऱ्या हालचालींच्या क्रमात होता.

गोल्फचा टोला अगदी असाच आहे. काठी मागे नेताना खांदे वळतात, कंबर थोडी कमी वळते, आणि पाठीला एक पीळ बसतो. परत येताना हा पीळ खालून सुटला पाहिजे. उजव्या हाताने खेळणाऱ्याने प्रथम आपला भार डाव्या पायावर आणावा, त्यासरशी कंबर वळू द्यावी. मग छाती, मग हात आणि शेवटी काठी. नवशिका याच्या नेमके उलट करतो. काठी वर गेली रे गेली की तो हातांनी ती खाली ओढतो. कुऱ्हाडीने लाकूड फोडण्यास ही रीत बरी; चेंडू दूर धाडण्यास ती निकामी आहे. हात पुढे धावले, पाय मागे राहिले. मग पाठीस एकटीने सारा भार सोसावा लागतो. कंबरेच्या दुखण्याचे मूळ बहुधा येथेच असते. जो क्रम टोला लांब करतो तोच शरीरालाही जपतो, ही या खेळातील मोठीच सोय म्हटली पाहिजे.

हा क्रम अंगवळणी पडण्यासाठी एक सोपा अभ्यास आहे. ड्रायव्हर उलटा धरावा, म्हणजे डोक्याकडची बाजू हातात व मुठीची बाजू मोकळी. आणि चेंडू नाही असे समजून तो हवेत फिरवावा. 'सूं' असा आवाज येईल. तो आवाज कोठे येतो हे कान देऊन ऐकावे. खांद्याजवळ आला, तर वेग चेंडूपर्यंत पोहोचण्याआधीच संपला असे समजावे. तो चेंडू जेथे असावयाचा तेथे, किंबहुना त्याच्या किंचित पुढे, यावयास हवा. गच्चीवर किंवा अंगणात रोज वीस वेळा हे करता येते, मात्र आसपास मुलेबाळे नाहीत याची खात्री करूनच.

ज्यांची पाठ व कंबर वयोमानाने ताठली आहे त्यांनी काठी मागे नेताना डावी टाच खुशाल उचलावी. एकाच वर्षात चारही मोठ्या स्पर्धा जिंकण्याचा पराक्रम १९३० साली करणारे बॉबी जोन्स टाच उचलीत. अठरा मोठ्या स्पर्धा जिंकणारे जॅक निकलस हेही उचलीत. टाच उचलल्याने कंबर मोकळी वळते आणि पाठीवरचा पीळ सौम्य होतो.

चेंडूस वर चढू द्या

टोल्याची लांबी चेंडूच्या वेगाखेरीज आणखी दोन गोष्टींवर अवलंबून असते: चेंडू किती अंशांच्या कोनाने वर निघतो आणि स्वतःभोवती किती फिरतो. या फिरकीची कथा मनोरंजक आहे. एडिंबरा विद्यापीठात पीटर गथ्री टेट नावाचे पदार्थविज्ञानाचे नामांकित प्राध्यापक होते. त्यांचे चिरंजीव फ्रेडरिक हे गोल्फमधील अव्वल खेळाडू. १८९६ व १८९८ साली ते ब्रिटनचे हौशी विजेते झाले. वडिलांनी १८९० च्या सुमारास चेंडूच्या उड्डाणाचे गणित मांडले, तेव्हा असे दिसून आले की न फिरणारा चेंडू प्रत्यक्षात चेंडू जितके जातात तितका जाऊच शकत नाही. हे कोडे त्यांनी सोडविले ते असे: टोला बसताना चेंडूस उलटी फिरकी मिळते, तिच्या योगाने हवा त्यास वर उचलून धरते, आणि म्हणून तो इतका वेळ तरंगतो. पुढे फ्रेडरिक बोअर युद्धात १९०० साली मारले गेले आणि दुसऱ्याच वर्षी पित्याचाही अंत झाला.

त्याच काळी खेळाडूंच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली होती. नवा गुळगुळीत चेंडू लवकर पडतो आणि वापरून ओरखडे पडलेला जुना चेंडू दूर जातो. आजच्या चेंडूवर ज्या तीनचारशे खळ्या दिसतात त्यांचा उगम या अनुभवात आहे. खळ्यांमुळे हवा चेंडूच्या अंगास अधिक वेळ चिकटून वाहते व मागची ओढ कमी होते. इंग्लंडमधील विल्यम टेलर यांनी १९०५ साली अशा खळ्यांच्या हक्कासाठी अर्ज केला होता.

फिरकी चेंडूस उचलते खरी, परंतु ती प्रमाणाबाहेर गेली तर चेंडू आकाशातच चढत राहतो व पुढे सरकत नाही. ड्रायव्हरच्या टोल्यास मिनिटाला दोन हजार ते पावणेतीन हजार फेऱ्या आणि बारा ते पंधरा अंशांचा कोन साधारण हौशी खेळाडूस मानवतो. हा मेळ साधण्यासाठी चेंडूवर काठी वरून खाली येता कामा नये. ती सर्वांत खालचा बिंदू ओलांडून किंचित वर चढत असताना चेंडूस भेटली पाहिजे. याची तयारी उभे राहतानाच करावी. चेंडू डाव्या टाचेच्या रेषेत ठेवावा. टीची उंची अशी असावी की काठी जमिनीवर टेकली असता अर्धा चेंडू तिच्या डोक्यावर दिसेल. पाय खांद्यांहून थोडे अधिक फाकवावेत आणि उजवा खांदा डाव्याहून किंचित खाली असू द्यावा. ताशी नव्वद मैलांच्या त्याच वेगाने, खाली मारणारा आणि वर मारणारा अशा दोन खेळाडूंच्या उड्डाणात सुमारे वीस यार्डांचा फरक पडू शकतो. एक थेंबही अधिक घाम न गाळता मिळणारी ही लांबी आहे.

शरीराची मशागत

एवढे झाल्यावर वेग वाढविण्याचा विचार करावा. आपल्या घरांत व्यायामाची परंपरा जुनी आहे. औंधचे राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार हे जीवितकार्य मानले होते. सकाळी नमस्कार घालणाऱ्या मनुष्याची कंबर, मांड्या आणि खांदे गोल्फसाठी आधीच बरेचसे तयार असतात. परंतु नमस्कारांत शरीर पुढे व मागे वाकते, पिळाची हालचाल त्यात नाही. ती निराळी करावी लागते. खुर्चीवर ताठ बसावे, काठी खांद्यांवर आडवी धरावी, आणि गुडघे न हलविता छाती सावकाश डावीकडे व उजवीकडे वळवावी. प्रत्येक बाजूस दहा वेळा. पायांसाठी बैठका आहेतच. ज्या घरी आजोबांची मुद्गलांची जोडी माळ्यावर पडली असेल त्यांनी ती खाली काढावी. हलके मुद्गल फिरविण्याने खांदा व मनगट जितके मोकळे होते तितके दुसऱ्या कशाने क्वचितच होत असेल.

वेगाचा खास अभ्यास असा: आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड, ड्रायव्हरहून हलकी काठी जितक्या वेगाने फिरविता येईल तितक्या वेगाने हवेत फिरवावी. प्रथम उजवीकडून पाच वेळा, मग डावीकडून पाच वेळा, मध्ये पुरेशी विश्रांती. शरीर ज्या वेगाची सवय करून घेते तो वेग त्यास हळूहळू स्वाभाविक वाटू लागतो. मात्र अंग गरम केल्यावाचून हा अभ्यास कधीही करू नये. दहा मिनिटे भरभर चालावे, नंतर हातपाय मोकळे करावेत. ज्यांस मणक्याचे, हृदयाचे किंवा रक्तदाबाचे दुखणे आहे त्यांनी डॉक्टरांस विचारल्याशिवाय या वाटेस जाऊ नये. अभ्यास करताना कंबरेत कळ आली तर त्याच क्षणी थांबावे. 'आणखी पाच' म्हणणारा मनुष्य पुढले पाच आठवडे गमावतो.

वयाने हताश होण्याचे मात्र कारण नाही. १९७४ साली अमेरिकेत लास व्हेगास येथे ज्येष्ठांच्या स्पर्धेत माइक ऑस्टिन यांनी ५१५ यार्डांचा टोला मारला, तेव्हा त्यांचे वय ६४ वर्षांचे होते. त्या दिवशी पाठीमागून सोसाट्याचा वारा होता हेही सांगितले पाहिजे. परंतु वारा काही एकट्यानेच काठी फिरवीत नाही.

पनवेलची हवा आणि पाऊस

ही झाली सर्व ठिकाणी लागू पडणारी चर्चा. पनवेलकरांस काही गोष्टी विशेष ध्यानात ठेवाव्या लागतात. पनवेल-खारघरचे मैदान समुद्रसपाटीच्या जवळ असल्याने येथील हवा दाट. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. तेथील हवा विरळ, आणि चेंडू दोनेक टक्के अधिक जातो. घाट चढून पुण्यास गेलेल्या पनवेलकराचा दोनशे यार्डांचा चेंडू तेथे चार यार्ड पुढे पडला, तर त्याने ती कमाई आपली समजू नये, घाटाची समजावी.

दमट हवा जड असते म्हणून कोकणात चेंडू जात नाही, ही समजूत सर्वत्र आढळते. शास्त्र याच्या उलट सांगते. पाण्याच्या वाफेचा रेणू हवेतील इतर रेणूंपेक्षा हलका असतो, म्हणून दमट हवा कोरड्या हवेहून किंचित विरळच असते. चेंडू कमी जातो तो ओल्या जमिनीमुळे. मे महिन्यात टणक जमिनीवर चेंडू आपटून पंधरा-वीस यार्ड घरंगळत जातो. श्रावणात तो जेथे पडतो तेथेच रुततो. म्हणून पावसाळ्यात लांबी मोजावयाची तर उड्डाणाचीच मोजावी आणि मे महिन्यातील आकड्यांशी तिची तुलना करून खिन्न होऊ नये. पावसात काठीची मूठ व तोंड प्रत्येक टोल्याआधी कोरड्या पंचाने पुसावे. मूठ ओली असली की हात नकळत आवळतो, आणि आवळलेल्या मुठीचा परिणाम वर सांगितलाच आहे.

दुपारनंतर समुद्राकडून येणारा वारा समोर असला, तर अधिक जोराने मारण्याचा मोह होतो. जोराने मारलेल्या चेंडूस फिरकी अधिक मिळते आणि समोरचा वारा त्यास आणखीच वर उचलतो. तेव्हा टी थोडी खाली करावी आणि सावकाश मारावे. वळिवाच्या दिवसांत किंवा परतीच्या पावसात ढग गडगडू लागले तर मात्र लांबी-रुंदीचा विचार सोडून तत्काळ मैदान सोडावे. मोकळ्या माळावर धातूची काठी उगारून उभा असलेला मनुष्य विजेस आयते निमंत्रण देत असतो.

साधने आणि जाहिराती

साधनांविषयी थोडक्यात सांगतो, कारण या बाबतीत दुकानदार पुष्कळ सांगतात. काठीच्या डोक्याचे आकारमान ४६० घनसेंटिमीटरांपेक्षा अधिक असू नये, असा नियम आहे. आणि व्यावसायिक स्पर्धांत काठीची लांबी ४६ इंचांपुरती मर्यादित करण्याची मुभा २०२२ सालापासून आयोजकांस मिळाली. 'नियमात बसूनही पन्नास यार्ड अधिक' असे अभिवचन जो देतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये. खरेदीत एकच चूक वारंवार होते. व्यावसायिक खेळाडूंचे पाहून पुष्कळ जण उभ्या तोंडाची, आठ-नऊ अंशांची काठी घेतात. ज्याचा वेग कमी आहे त्यास उलट अधिक उतरत्या तोंडाची, म्हणजे साडेदहा ते बारा अंशांची काठी हवी. स्त्रिया व वृद्ध यांस हे विशेष लागू आहे. उसनी आणून अशी काठी एकदा वापरून पाहावी, मगच पैसे खर्चावेत.

किती लांब पुरे?

आता शेवटचा प्रश्न. एवढा खटाटोप करून मिळते काय? जुने खेळाडू म्हणत की ड्राइव्ह हा दिखाव्यापुरता, खरा पैसा ग्रीनवर मिळतो. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रोडी यांनी असंख्य टोल्यांची नोंद तपासून दाखविले, की ही म्हण पूर्णतः खरी नाही. लांब टोल्यांचा गुणसंख्येवरील परिणाम समजला जातो त्याहून मोठा असतो, आणि वाढीव लांबीचा लाभ कसलेल्या खेळाडूपेक्षा सामान्य खेळाडूस अधिक होतो.

तरीही दुसरी बाजू पाहा. करोनाच्या साथीमुळे टोकियोचे ऑलिंपिक एक वर्ष लांबले आणि २०२१ साली झाले. त्यात बंगळुरूची अदिती अशोक स्त्रियांच्या गोल्फमध्ये चौथी आली. अवघ्या एका टोल्याने तिचे पदक हुकले. टोल्याच्या लांबीत ती त्या स्पर्धेत अगदी तळच्या खेळाडूंपैकी होती. तिच्याबरोबर खेळणाऱ्या मुली तिच्यापुढे कितीतरी यार्ड चेंडू टाकीत होत्या, आणि ती लहान टोल्यांच्या व ग्रीनवरील अचूकतेच्या जोरावर त्यांची बरोबरी करीत होती. लांबी असती तर पदक मिळाले असते, असे कोणी म्हणेल. लांबी नसताना ती तेथवर पोहोचली, असे आम्ही म्हणतो. दोन्ही खरे आहे.

लांबीच्या हव्यासास सार्वजनिक बाजूही आहे. खेळाडूंचे टोले जसजसे लांबले तसतशी मैदानेही लांबवावी लागली. लांब मैदान म्हणजे अधिक जमीन, अधिक हिरवळ आणि अधिक पाणी. गोल्फचे नियम करणाऱ्या दोन्ही संस्थांनी २०२० साली या विषयावर विस्तृत अहवाल काढला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये चेंडूची चाचणी अधिक कडक करून टोल्यांच्या लांबीस आळा घालण्याचे जाहीर केले. पनवेलकरांस यातील अर्थ समजावून सांगावयास नको. शहर वाढले, विमानतळ आला, भाताची शेते एकामागून एक नाहीशी झाली. आणि ज्या गावी चार महिने आकाश कोसळते तेथेच उन्हाळ्यात पाण्यासाठी वाट पाहावी लागते. अशा ठिकाणी सार्वजनिक जमिनीवर खेळावयास मिळते, हीच मोठी गोष्ट आहे. मैदान आहे तेवढेच पुरावे आणि खेळाडूने त्यात अधिक चांगले खेळावे, यात सर्वांचेच हित आहे.

म्हणून आमचे वाचकांस सांगणे इतकेच. प्रथम टोला मधोमध बसवावा, मग क्रम सुधारावा, मग चेंडूस योग्य कोन द्यावा, आणि या तिन्ही गोष्टी साधल्यावर वेगाच्या मागे लागावे. सहा महिन्यांत दहा-पंधरा यार्ड व वर्षात वीस, एवढी अपेक्षा नियमित अभ्यास करणाऱ्याने ठेवण्यास हरकत नाही. तुलना शेजाऱ्याच्या पंचविशीतील मुलाशी करू नये, आपल्याच गेल्या वर्षीच्या टोल्याशी करावी. आणि साठीच्या मनुष्याचा चेंडू गेल्या वर्षी जेथे पडला तेथेच याही वर्षी पडला, व कंबर न दुखता तो अठरा होल चालून घरी आला, तर त्याने ते वर्ष जमेच्या बाजूस मांडावे.